‘जोर दे, जोर दे’ म्हणतात तेव्हा नेमकं काय करायचं?

पत्र आलंय खानापूर तालुक्यातनं, थोडं कमी करून देतेय:

“अक्का, नमस्कार. माझं माहेर चंदगडकडचं, दीड वर्षाखाली मला इकडे खानापूर तालुक्यात दिलंय. पहिलटकरीण आहे, नववा लागलाय. कळांची एवढी भीती वाटत नाही, भीती वाटतेय ती शेवटच्या जोर द्यायच्या वेळची. माझ्या जाऊबाईंना ‘तुला जोरच देता येत नाही’ म्हणून सगळे ओरडले, पोटावर दाबलं, शेवटी सिझर झालं आणि अजून घरात तेच बोलतात. सासूबाई म्हणतात आत ओरडायचं नाही, ओरडलं की ताकद जाते. मला कन्नड नीट येत नाही, सिस्टर काय सांगायलेत तेच कळलं नाही तर? आणि विचारायला लाज वाटते खरं जोर देताना संडास झाली तर? आत सोबतीला आईला घेऊ की सासूबाईंना तेही सांगा. आई लगेच रडते.”

बाय, आधी तुझ्या जाऊबाईंबद्दल बोलते, कारण तुझी निम्मी भीती तिथनं आलीय. “हिला जोर देता आला नाही म्हणून सिझर झालं” हे मी लेबर रूममध्ये काढलेल्या सगळ्या वर्षांत इतक्यांदा ऐकलंय, आणि दरवेळी ती बाई मान खाली घालून ऐकून घेते, जसं काय तिनं चोरीच केलीय. अगं, बाळाचं डोकं तिरकं अडकलेलं असतं, कधी बाळाची पाठ आईच्या पाठीला लागलेली असते आणि डोकं वळतच नाही, कधी कळा मंद झालेल्या असतात, कधी बाळाचे ठोके उतरायला लागतात आणि थांबायला वेळच नसतो. यातलं काहीही असलं तर तिनं कितीही जोर दिला तरी सिझर लागू शकतं. आणि जोर खरंच कमी पडलेला असला तरी बहुतेक वेळा त्याच्या आधी चार तास तिला नको तेव्हा जोर द्यायला लावून दमवून सोडलेलं असतं. तेव्हा घरात पुन्हा कोण बोललं तर तू जाऊबाईंच्या बाजूनं बोल, नव्या सुनेनं बोलणं सोपं नाही माहीत आहे मला, खरं बोल.

आता मुद्द्याचं. जोर देणं हे बाईला ‘यायला लागतं’ असं सगळे म्हणतात ना, तिथंच गडबड आहे. जोर आधी शरीरच देतं. गर्भपिशवी हा सगळा स्नायूच आहे, कळ म्हणजे तो स्नायू आवळतो आणि बाळाला खाली ढकलतो, तू झोपेत असलीस तरी ढकलतो. तुझं काम त्याला खांदा लावायचं. चिखलात रुतलेली बैलगाडी काढताना बघितलीयस ना, बैल जेव्हा ओढतात तेव्हाच चाकाला खांदा लावायचा, बैल उभे असताना माणसानं एकट्यानं रेटलं तर गाडी हलत नाही आणि माणूस बसतो. अगदी तसंच आहे हे. कळ नसताना दिलेला जोर वाया, आणि पिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या आधी दिलेला जोर तर उलटा अंगावर येतो.

पूर्ण म्हणजे १० सेंटीमीटर. त्याच्या आधी, समज ७-८ सेंटीमीटरला, बाळाचं डोकं दाबायला लागलं की जोर द्यावासा वाटू शकतो, तेव्हा रेटत राहिलं तर पिशवीचं तोंड सुजू शकतं आणि उघडायचं ते लांबतं. माझं स्वतःचं पहिलं बाळंतपण असंच झालं. मी तेव्हा नोकरीत होते, पुस्तकातलं सगळं पाठ होतं, दवाखाना दुसऱ्या गावचा होता, नाव नको. तोंड पूर्ण उघडलेलं नव्हतं तरी पहाटेपासनं ‘दे जोर, दे जोर’ सुरू झालं, श्वास रोखून दहा अंक मोजायचे, परत दहा, मी आपली देतेय, आणि खऱ्या जोराची वेळ आली तेव्हा माझ्या मांड्या थरथरत होत्या आणि डोळ्यांपुढं अंधारी. बाळ सुखरूप आलं, खरं आठवण राहिली ती त्या थकव्याची. आणि तरीसुद्धा सांगते, परत ड्युटीवर आल्यावर पहिली काही वर्षं मी पण टेबलाशी उभी राहून तसंच ओरडलेय पोरींवर, कारण तसंच शिकवलेलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता शास्त्र बदललंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली प्रसूतीच्या वेळच्या काळजीबद्दल ५६ शिफारशी काढल्या, त्यात स्वच्छ लिहिलंय की जोराच्या टप्प्यात बाईला तिच्या स्वतःच्या आतनं येणाऱ्या ओढीप्रमाणं जोर देऊ द्यावा. वेळेचंही लिहिलंय, पहिलटकरणीला तोंड पूर्ण उघडल्यापासनं बाळ बाहेर येईपर्यंत साधारण ३ तासांपर्यंत लागू शकतात, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला २ तासांपर्यंत. पुष्कळ जणींचं त्याच्या कितीतरी आधी होतं. हे आकडे अशासाठी सांगतेय की अर्धा तास झाला आणि बाळ आलं नाही की बाहेरचे नातेवाईक ‘काय झालं, काय झालं’ करून आत फोन लावतात आणि आतल्या बाईला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. तास-दीड तास लागणं काही अवघड केस नाही. तेवढ्या वेळात सिस्टरनं दर पाच मिनिटांनी बाळाचे ठोके बघायचे असतात, ते बघतायत ना एवढं सोबतीच्या बाईनं लक्ष ठेवावं.

तोंड पूर्ण उघडलं तरी लगेच जोराची इच्छा होईलच असं नाही हां. काही जणींना दहा-वीस मिनिटं, काहींना जास्तच, एकदम शांत वाटतं, कळा पण लांब लांब येतात, झोप लागते मध्ये. बाळ खाली उतरत असतं तेवढ्यात. आई-बाळ ठीक असतील तर ती मिनिटं विश्रांतीत घालव, घोटभर पाणी पी, पातळ अंबील किंवा ताक चालतं का विचार (सिझरची शक्यता असली तर ते नको म्हणतील, त्यांचं ऐक), आणि लघवी करून घे. लघवीचं मी दहादा सांगेन, भरलेली लघवीची पिशवी बाळाच्या डोक्याच्या वाटेत येते आणि कळांच्या नादात लघवी लागलेली कळतच नाही.

मग ओढ येते. कशी येते विचारशील तर, जोरात संडासला लागल्यासारखी, अडवता न येणारी. म्हणून एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना आत्ताच सांगून ठेव, कळा सुरू झाल्यावर ‘मला संडासला लागलीय’ म्हणालीस तर तुला एकटीला संडासात पाठवायचं नाही, सिस्टर असली तर आधी तिला सांगायचं, आणि घरात असाल तर तेवढ्यावरनं समजायचं की वेळ जवळ आलीय. संडासात बाळ झालेलं मी बघितलंय, थरकाप होतो आठवलं की.

जोर कसा द्यायचा ते सांगते, आज वाचून ठेव आणि त्या दिवशी जेवढं आठवेल तेवढं पुरे. कळ चढायला लागली की लगेच रेटू नको, एक-दोन श्वास आरामात घे, चढू दे तिला. मग ओढ आपोआप येईल तेव्हा हनुवटी छातीकडे, खांदे सैल, दात आवळायचे नाहीत, आणि कुंथायचं ते खाली, गुदद्वाराकडे, अवघड संडासला कुंथतो तसं. पाच-सहा सेकंद, मग श्वास, मग परत. एका कळेत असं तीन-चारदा होतं, मोजायची गरज नाही, शरीरच मोजतं. चेहरा लालबुंद होत असेल, मानेच्या शिरा तटतटत असतील तर ताकद वर चाललीय म्हणून समज, जबडा सैल सोड की ती खाली जाईल. तोंड आवळलं की खालचंही आवळतं असं जुन्या सुईणी म्हणायच्या आणि मी ते टेबलाशी उभं राहून पुष्कळदा बघितलंय. मांड्या जवळ घ्यावाशा वाटतील, घेऊ नको. कळ गेली की पूर्ण सोडून दे, हातपाय टाकून दे, डोळे मिट, कोणाशी बोलू नको. मधली ती दोन-तीन मिनिटं तुझी आहेत, जी बाई मधल्या वेळात ‘अजून किती, अजून किती’ विचारत राहते ती लवकर दमते.

आणि हे पण माहीत असू दे, डोकं पुढं येतं आणि कळ गेली की परत आत सरकतं. सिस्टर म्हणते ‘केस दिसायलेत’ आणि पुढच्या मिनिटाला दिसत नाहीत. पहिलटकरणीचं असंच होतं, पुढं-मागं होत होतच वाट ताणली जाते, ते चांगलंच आहे कारण एकदम ताणलं की फाटतं. अशा वेळी शहापूरकडची एक बाई मला म्हणाली होती, “सिस्टर, मी थकलो, आता मला हुईत नाही.” तिला मी हाताला धरून बाळाच्या डोक्याला बोट लावायला लावलं. त्यानंतर दोन कळांत झाली ती मोकळी. तुला किळस वाटत नसेल तर तू पण विचार, हात लावून बघू का म्हणून. आपण रेटतोय ते कुठंतरी पोचतंय हे हाताला कळणं वेगळंच असतं.

एपिड्युरल घेतलंस, म्हणजे पाठीतनं कळा कमी व्हायचं औषध, तर ही ओढ नीट जाणवत नाही आणि वेळ पण थोडा जास्त लागतो. तेव्हा सिस्टर पोटावर हात ठेवून कळ आली की सांगतात, त्यांच्या सांगण्यावर चालायचं.

सासूबाईंचं ओरडण्याबद्दलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उंच आवाजात घसा ताणून किंचाळलं की दम तिकडंच जातो, हे खरं. खरं गप्प बसून दात-ओठ खाणं पण कामाचं नाही. खालच्या सुरात, पोटातनं आवाज येऊ दे, ‘हूंऽऽ’ म्हण, ‘आई गंऽऽ’ म्हण, काय यायचं ते येऊ दे. यल्लम्माची भक्त असलेली एक बाई दर कळेला ‘उदो गं आई, उदोऽऽ’ म्हणून लांब सूर लावायची, अख्खा वॉर्ड ऐकत होता, आणि तिच्याइतका सुरेख जोर मी थोड्याच जणींचा बघितलाय. आवाज काढला म्हणून कोण चापट मारायला लागलं, घालूनपाडून बोलायला लागलं तर ते चूक आहे, ‘असंच असतं’ म्हणून सोडायचं नाही. सरकारी लेबर रूम सुधारायला केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्ये लक्ष्य नावाचा कार्यक्रम आणला त्यात बाईला मानानं वागवायचं हे पण धरलंय.

झोपायचं कसं? आपल्याकडे सरसकट उताणं झोपवून पाय वर बांधतात किंवा धरायला लावतात, कारण डॉक्टर-सिस्टरला बघायला सोपं पडतं. बाळाला उतरायला ते सगळ्यात सोपं नाही. पाठ उंच करून अर्धवट बसणं, कुशीवर झोपून वरचा पाय कोणीतरी धरणं, गुडघे-हात टेकून ओणवं होणं, उकिडवं बसणं, यातलं काही पण चालतं. उकिडवं बसलं की खालच्या हाडांची वाट थोडी मोठी होते, आणि खेड्यातल्या आपल्या बायकांना रोप लावायची, भांगलायची आणि उकिडवं बसायची सवय असतेच, शहरातल्या पोरींना ते पाच मिनिटं पण जमत नाही. तर आत गेल्यावर नम्रपणे विचार, “मला कुशीवर होऊन जोर देऊ दे काय?” बऱ्याच सिस्टर होय म्हणतात, आपण विचारतच नाही. नाहीच म्हणाल्या तर निदान पाठीखाली दोन उशा माग, एकदम सपाट झोपू नको.

आता तुझा लाजेचा प्रश्न. होते संडास. बऱ्याच जणींची होते, कारण बाळाचं डोकं खाली येताना मागच्या आतड्याला दाबतं, तिथं जे असेल ते पुढं ढकललं जाणारच. आम्हाला त्याचं काहीसुद्धा वाटत नाही, कापसानं पुसलं की झालं, पुष्कळदा बाईला कळतसुद्धा नाही. उलट आम्ही मनात म्हणतो, चला, जोर बरोबर जागी लागतोय. ज्या पोरी त्या लाजेनं आवळून धरतात त्यांचंच लांबतं. पूर्वी आधी एनिमा द्यायचे, खालचे केस काढायचे, दोन्हीची सरसकट गरज नाही असं आता सांगतात.

पोटावर दाबणं. यावर मी जरा रागानंच लिहिणार आहे. जोर कमी पडतोय म्हणून वरनं कोपरानं किंवा दोन्ही हातांनी पोट दाबायचं, हे अजून चालतं, मी बघितलंय. २०१८ च्या त्या शिफारशींत हे करू नये असंच लिहिलंय. दाबल्यानं आईला इजा होऊ शकते, गर्भपिशवी फाटल्याच्या घटना पण आहेत. कळ आली की नाही बघायला पोटावर हात ठेवतात, बाळ झाल्यावर रक्त थांबावं म्हणून पोट चोळतात, ते वेगळं, त्याला घाबरू नको. खरं बाळ बाहेर ढकलायला कोण अंगावर रेलायला लागलं तर तू किंवा तुझी सोबतीण, “दाबू नका, डॉक्टरांना बोलवा” एवढं मोठ्यानं म्हणायचं. खरंच मदत लागत असेल, तू दमलीस किंवा ठोके उतरले, तर डॉक्टर बाळाच्या डोक्याला कप लावून, म्हणजे व्हॅक्यूमनं, किंवा फोर्सेप्सनं तुझ्या कळेबरोबर ओढतात, किंवा सिझर करतात. त्यात कोणी हरलं नाही.

मग येतो तो शेवटचा क्षण, डोकं तोंडाशी येऊन थांबतं, परत आत जात नाही. तिथं मिरची लागल्यासारखी आग होते. घाबरून जोरात रेटून एकदाचं संपवावं वाटतं, आणि तिथंच थांबायचं असतं! त्या वेळी सिस्टर म्हणेल आता जोर देऊ नको. तोंड उघडं ठेवून फू-फू-फू करत छोटे श्वास सोडत राहा, चुलीतला विस्तव फुंकतो तसं पण हलकं. डोकं हळूहळू येऊ दे, कातडीला ताणायला वेळ मिळाला की फाटायचं कमी होतं. कोमट पाण्यात भिजवलेला कपडा खाली लावून ठेवल्यानं पण मोठ्या फाटण्याचा धोका कमी होतो, माग तो. दवाखान्यात कट सरसकट द्यायचा नसतो, गरज असली तर देतात आणि आधी सुन्न करायचं इंजेक्शन देऊन देतात. थोडंफार फाटून दोन-चार टाके पडले तर ते भरून येतात, त्याची चिंता आत्तापासनं नको. ३५ व्या आठवड्याच्या आसपासनं आठवड्यातनं एक-दोनदा स्वच्छ हातानं, साधं तेल लावून योनीमार्गाच्या खालच्या भागाला हलकं ताणून मसाज केला तर पहिलटकरणीला टाके लागायचं प्रमाण थोडं कमी होतं, तुला वार खाली असल्याचं सांगितलेलं नसेल, पाणी गेलेलं नसेल, इन्फेक्शन नसेल तर डॉक्टरला विचारून कर. घरी कुंथायची प्रॅक्टिस मात्र करू नको, त्यानं काही होत नाही, मूळव्याध तेवढी वाढते.

कन्नडचं. हे वाचून मला तुझी सगळ्यात जास्त माया आली, कारण सीमेवरच्या किती पोरी चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडनं इकडं येतात आणि ऐन वेळी भाषेमुळं बावरतात. बेळगाव-खानापूरकडच्या बऱ्याच सिस्टरना मराठी कळतं, तरी घाईत तोंडात येतं ते कन्नडच. एवढे शब्द पाठ कर. ‘ब्यानी’ म्हणजे कळ. ‘जोर हाकरी’ म्हणजे जोर लावा. ‘जोर हाकब्याडरी’ म्हणजे जोर लावू नका, या दोन्हीतला फरक नीट ऐक, ‘ब्याड’ ऐकू आलं की थांबायचं. ‘उसिर तगोरी’ श्वास घ्या, ‘उसिर बिडरी’ श्वास सोडा. ‘इन्नोम्मे’ म्हणजे आणखी एकदा. ‘साकरी’ म्हणजे पुरे. ‘सावकाश’ तर तेच आपलं. आणि तुझ्या बाजूनं दोन वाक्यं, ‘नीर बेकरी’ म्हणजे पाणी पाहिजे, आणि ‘संडास बंदंग आगतैतरी’ म्हणजे संडासला आल्यासारखं होतंय, हे म्हणालीस की कुठलीही सिस्टर धावत येते बघ. आत गेल्या गेल्या आधीच सांगून टाक, मला कन्नड कमी येतं, मराठीत किंवा खुणेनं सांगा. लाजू नको त्यात.

बाळ बाहेर आलं की लगेच तुझ्या छातीवर उघड्या अंगाला ठेवायला सांग, नाळ निदान एक मिनिट थांबून कापतात, आणि पहिल्या तासातच अंगावर पाजायचं. वार पडायला बहुतेक अर्ध्या तासाच्या आत होतं, त्यासाठी थोडा जोर लागतो, पहिल्याच्या मानानं काहीच नाही. रक्त जास्त जाऊ नये म्हणून इंजेक्शन देतात ते घ्यायचंच. रक्त किती गेलं हे मोजायला कंबरेखाली प्लास्टिकची खुणा केलेली पिशवी ठेवतात काही ठिकाणी, ती बघून दचकू नको. आपल्याच बेळगावच्या जेएनएमसी मेडिकल कॉलेजच्या लोकांनी जिल्ह्यातल्या खेड्यांत सिस्टरांकडनं १६२० बायकांवर अभ्यास केला होता, मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी बाळंतपणानंतरचा अति रक्तस्राव १२ टक्क्यांवरनं ६.४ टक्क्यांवर आला, २००६ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं ते, आणि त्यात रक्त मोजायला अशीच पिशवी वापरली होती. जगभरच्या डॉक्टरांनी वाचलंय ते, इथल्या खेड्यातल्या बायकांमुळं.

माहेरी जायचं की इथंच, हे तू विचारलं नाहीस खरं एवढं सांगते की जिथं होणार ते आत्ताच ठरव आणि तायी कार्ड (इकडचं सरकारी, गरोदरपणाच्या तपासण्या लिहितात ते), सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट एका पिशवीत घालून उशाशी ठेव, सीमा ओलांडून ऐन वेळी नवीन दवाखान्यात गेलं आणि कागद नसले की सगळं पहिल्यापासनं. कळा दर पाच मिनिटांनी, एक एक मिनिटाच्या, तासभर यायला लागल्या की निघायचं, आणि तुमचं गाव जांबोटी-कणकुंबीकडं असेल, त्यात पाऊस असेल, तर तेवढंही थांबू नका. पाणी गेलं, रक्त गेलं, बाळ फिरायचं कमी झालं, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, तर कळा असोत नसोत, लगेच. १०८ लावताना गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य चारही सांगायचं. सरकारी दवाखान्यात नॉर्मल काय, सिझर काय, औषधं, जेवण, गाडी सगळं २०११ पासनं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात फुकट आहे, पैशासाठी घरात थांबायचं कारण नाही.

आता सोबतीचं. सरकारी लेबर रूममध्ये बहुतेक ठिकाणी बाईमाणूसच आत घेतात, नवऱ्याला पडद्याची सोय असली तरच, त्यामुळं आई की सासूबाई हा प्रश्न खराच आहे. मी तुला तिसरं नाव सुचवते, तुझ्या जाऊबाई. त्या तिथं जाऊन आल्यात, त्यांना कन्नड येत असेलच, आणि ओरडा खाल्लेली बाई दुसरीवर ओरडत नाही. त्यांना आधी विचार मात्र, जुनं सगळं परत आठवून त्यांना त्रास होणार असेल तर आग्रह करू नको. मग सासूबाईंना घे, आई रडायला लागली तर तू तिलाच समजावत बसशील, तिला बाहेर बाळाच्या दुपट्याजवळ बसव. जी कोण आत येईल तिचं काम एवढंच, कळेच्या वेळी कंबर चोळायची, मधल्या वेळात पाणी पाजायचं, ओल्या कपड्यानं तोंड पुसायचं, सिस्टरचं कन्नड कानात मराठीत सांगायचं, आणि स्वतः ‘जोर दे’ म्हणायचं नाही. हे पत्र तिला वाचून दाखव, आणि मोबाईल आत आणायचा नाही हे आधीच ठरवून घ्या, बाहेरचे दर पाच मिनिटांनी फोन करतात.